एकाहून अधिक कार्बोरेटर: जुन्या मोटारींच्या संचाचे मोल आणि जुळणी

इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरला हवा आणि पेट्रोलचे मिश्रण सारखे आणि पुरेसे मिळावे, म्हणून एका इंजिनावर दोन, तीन किंवा त्याहून जास्त कार्बोरेटर बसवण्याची पद्धत मोटारींच्या जगात बरीच जुनी आहे. १२५० सीसीच्या एमजी टीसीवर एसयू कंपनीचे सव्वा इंचाचे दोन कार्बोरेटर होते. १९५५ साली आलेल्या एमजीएवर दीड इंचाचे दोन, तर जॅग्वार ई-टाइपच्या सहा सिलिंडरांसाठी दोन इंचाचे तीन एसयू होते. मर्सिडीज १९० एसएलवर सोलेक्सची दुहेरी नळ्यांची जोडी असे. इटलीच्या वेबर कंपनीचे आडवे दुहेरी कार्बोरेटर शर्यतीच्या गाड्यांमुळे नावारूपाला आले. दोन वेबर म्हणजे चार नळ्या, आणि चार सिलिंडरांना प्रत्येकी स्वतंत्र नळी.

महाराष्ट्रातल्या बहुतेक जुन्या गाड्यांवर मात्र एकच कार्बोरेटर होता. सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे, त्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० आणि पुढे पद्मिनी बाहेर पडली. तिचे १०८९ सीसीचे इंजिन एकाच कार्बोरेटरवर चाले. अँबॅसडरचे १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिनही तसेच. पण हे इंजिन मूळचे ब्रिटिश बीएमसीच्या ‘बी’ मालिकेतले, आणि एमजीएचे १४८९ सीसीचे इंजिन त्याच घराण्यातले. दोन्हींच्या हेडला मिश्रण आत घेणारी तोंडे दोनच, आणि प्रत्येक तोंड दोन सिलिंडरांत वाटलेले. अशा हेडवर दोन कार्बोरेटर सहज बसतात. त्यामुळे सातारा-सांगली भागात दुहेरी कार्बोरेटरचा प्रश्न दोन प्रकारच्या मालकांपुढे येतो. एखाद्याकडे मुळातच जोडीने आलेली ब्रिटिश गाडी असते, तर दुसऱ्याला अँबॅसडरवर किंवा पद्मिनीवर जोडी चढवायची असते. लोणंद, फलटण, वाई अशा गावांत अँबॅसडरवर हात बसलेले जुने मिस्त्री अजून भेटतात. एसयूचा एक कार्बोरेटर ज्याला कळला, त्याला जोडीतला प्रत्येक स्वतंत्रपणे कळतो. नवे शिकायचे ते एवढेच, की दोघांना एकसारखे कसे चालवायचे.

किंमत ठरवताना आणि ट्यूनिंग करताना हा एकसारखेपणाच पाहायचा असतो. दोन उत्तम पण बेमेळ कार्बोरेटरांपेक्षा दोन मध्यम पण जुळलेले कार्बोरेटर इंजिन अधिक चांगले चालवतात, आणि त्यांच्यासाठी जास्त पैसे मोजणेही योग्य ठरते.

खरेदीआधीची तपासणी

वापरलेला एसयू संच हातात आल्यावर पहिल्यांदा स्पिंडल पाहावे. बटरफ्लाय ज्या दांड्यावर फिरते तो दांडा दोन्ही टोकांना धरून वरखाली हलवावा. बोटाला जाणवेल इतका खेळ असेल, तर त्या फटीतून इंजिन जास्तीची हवा ओढणार, आणि स्लो स्पीड कधीच स्थिर होणार नाही. दांडा झिजला असेल तर नवा दांडा घालून काम भागते. बॉडीतले भोक लंबगोल झाले असेल तर ते रीम करून बुश बसवावे लागतात. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरासारख्या ठिकाणी हे काम लेथवर नीट होते, पण दोन्ही बाजूंची भोके एका रेषेत ठेवणारा कारागीरच निवडावा. रेषा चुकली तर बटरफ्लाय अडकते आणि बॉडी कायमची वाया जाते.

त्यानंतर वरची घुमटी, म्हणजे सक्शन चेंबर, आणि तिच्यातला पिस्टन. कारखान्यात हे दोन भाग एकमेकांना जुळवून दिलेले असतात. एकाची घुमटी दुसऱ्यावर चढवली की जुळणी मोडते, आणि संच उघडून ठेवणाऱ्याकडून हे सर्रास घडते. त्याची परीक्षा सोपी आहे. भाग स्वच्छ आणि कोरडे करून पिस्टनची भोके बंद करावीत, डॅम्पर बसवावा, आणि घुमटी उलटी धरून पिस्टन तळाशी गेल्यावर संच सरळ करून पिस्टन किती वेळात खाली घसरतो ते मोजावे. दीड ते दोन इंची एसयूसाठी ५ ते ७ सेकंद, तर सव्वा इंचीसाठी ३ ते ५ सेकंद लागतात. आकडा यापेक्षा थोडा इकडेतिकडे असला तरी चालेल, पण जोडीतल्या दोघांचा वेळ सारखा हवा. एक ३ सेकंदांत आणि दुसरा ८ सेकंदांत पडत असेल, तर त्या जोडीला जोडीचा भाव देऊ नये.

सुईवर अक्षरे कोरलेली असतात. दोन्ही सुयांवर तीच अक्षरे आहेत ना, हे भिंगाने पाहावे. पिस्टनवरच्या स्प्रिंगच्या टोकाला रंग असतो: निळा अडीच औंसांचा, लाल साडेचारचा, पिवळा आठचा, हिरवा बाराचा. दोन रंगांच्या स्प्रिंगा निघणे ही दुर्मीळ गोष्ट नाही. जेटच्या तोंडाला सुई घासून एका बाजूला झीज झाली असेल तर जेट बदलण्याचा खर्च धरावा. घुमटीच्या स्क्रूखाली बसवलेली छोटी ॲल्युमिनियमची पट्टी शाबूत असेल तर तिच्यावरच्या क्रमांकावरून हा संच मुळात कोणत्या गाडीचा ते कळते. मूळ स्वरूपात गाडी उभी करणाऱ्यासाठी त्या पट्टीला खरे मोल आहे. नुसती चालवायची असेल त्याने तिच्यासाठी जादा पैसे देण्याचे कारण नाही.

वेबरच्या दांड्याला बॉल बेअरिंग असल्याने तिथे झीज कमी, पण दांडा पिळवटलेला असू शकतो. मग एकाच कार्बोरेटरच्या दोन बटरफ्लाय एका वेळी बंद होत नाहीत. त्या उजेडासमोर धरून बंद कराव्यात आणि कडेची फट दोन्हीकडे सारखी दिसते का ते पाहावे. जेट, चोक आणि इमल्शन ट्यूबवर कोरलेले आकडे चारही नळ्यांत तेच असले पाहिजेत. जुने वेबर इटलीतल्या बोलोन्याचे, नंतरचे स्पेनमधले. दोन्ही चांगले आहेत. बाजारात नकली वेबरही असतात. त्यांचे ओतकाम खडबडीत असते, कोरलेली अक्षरे उथळ असतात, आणि आतल्या नळ्यांची मापे भरवशाची नसतात. नकली संच स्वस्तात घेतला तरी ट्यूनिंगमध्ये तो पैसा दुपटीने जातो.

फक्त कार्बोरेटर म्हणजे संच नव्हे. मॅनिफोल्ड, दोन्ही बटरफ्लाय जोडणारा दांडा आणि त्याचे क्लॅम्प, चोकचे लिंकेज, हीट शील्ड, ओव्हरफ्लो नळ्या, एअर फिल्टर, हे सगळे त्यात येते. अनुभव असा, की विकणारा कार्बोरेटर दाखवून भाव सांगतो आणि घेणाऱ्याला नंतर लिंकेज शोधत फिरावे लागते. ‘बी’ मालिकेच्या इंजिनात हवा आत घेणारा आणि धूर बाहेर टाकणारा असे दोन्ही मॅनिफोल्ड एकाच बाजूला असतात, म्हणजे कार्बोरेटर थेट एक्झॉस्टच्या वर येतात. हीट शील्ड नसेल तर एप्रिल-मेच्या दुपारी गाडी थांबवल्यावर फ्लोट चेंबरमधले पेट्रोल उकळते, आणि इंजिन पुन्हा सुरू होत नाही. लोणंदच्या उन्हाळ्यात हा भाग गाळून संच विकत घेऊ नये.

किमतीचा हिशेब

रास्त किंमत काढण्याची रीत अशी. त्याच प्रकारचा नवा किंवा पूर्ण दुरुस्त केलेला संच दारात येऊन किती रुपयांना पडेल, ते आधी काढावे. त्यातून स्पिंडल आणि बुशचे काम, जेट-सुई-गॅस्केटचे किट, अपुरे भाग आणि त्यांची वाहतूक एवढे वजा करावे. उरते ती वापरलेल्या संचाची कमाल किंमत. दुरुस्तीत एखादे अनपेक्षित काम निघणारच, म्हणून व्यवहार त्याहून खाली तुटला पाहिजे. विकणाऱ्यालाही ही रीत उपयोगी पडते. सुयांची अक्षरे, पिस्टन पडण्याचा वेळ आणि स्पिंडलची स्थिती लिहून दिली, तर घासाघीस कमी होते आणि चांगल्या संचाला चांगला भाव मिळतो.

एसयूचे नवे कार्बोरेटर आणि सुटे भाग आजही इंग्लंडमध्ये बनतात. ते मागवताना छापील किंमत पाहून हुरळून जाऊ नये. मालाची किंमत, भाडे आणि विमा मिळून जी रक्कम होते तिच्यावर मूळ सीमाशुल्क लागते, त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, आणि या सगळ्या बेरजेवर आयजीएसटी. समजण्यापुरते उदाहरण घ्यायचे तर, भाडे-विम्यासह १०० रुपयांच्या मालावर शुल्क १० टक्के धरले तर १० रुपये आणि अधिभार १ रुपया होतो. मग १११ रुपयांवर १८ टक्के कर, म्हणजे जवळपास २०. एकूण १३१ झाले, आणि कुरिअरची हाताळणी वेगळी. प्रत्यक्ष दर मागवताना तपासून घ्यावा. सुटे किट मागवायचे असेल तर दोन-तीन मालकांनी मिळून मागवणे परवडते, कारण भाड्याचा मोठा भाग वाटला जातो.

मजुरी ठरवताना भाग, लेथचे काम आणि ट्यूनिंग या तिन्हींचे पैसे वेगळे बोलावेत. ठोक रकमेत काम घेतले की घाई ट्यूनिंगच्या वेळात होते, आणि खरे काम तर तेच असते.

एक कार्बोरेटर काढून जोडी चढवण्याआधी मात्र थांबून विचार करावा. एमजीए १५००ची सुरुवातीची ६८ आणि नंतरची ७२ अश्वशक्ती दुसऱ्या कार्बोरेटरच्या एकट्याच्या बळावर नव्हती. त्यात कॅमशाफ्ट, कॉम्प्रेशन आणि एक्झॉस्ट यांचाही वाटा होता. बाकी इंजिन तसेच ठेवून अँबॅसडरवर किंवा पद्मिनीवर जोडी बसवली तर वरच्या वेगाला थोडा फरक पडतो, रोजच्या वापरात फारसा नाही. तोच पैसा मूळ कार्बोरेटर नीट दुरुस्त करण्यात आणि इंजिनाचे कॉम्प्रेशन सुधारण्यात घातला तर गाडी जास्त सुखाची होते. कायद्याची बाजूही आहे. १५ जुलै २०२१च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार ५० वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींना विंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, पुनर्नोंदणीचे ५,०००. पण त्यासाठी गाडी मूळ स्वरूपात असावी लागते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. अशी नोंदणी करायची असेल तर मूळ कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड विकू नयेत, जपून ठेवावेत.

ट्यूनिंगचा क्रम

कार्बोरेटरला हात सर्वात शेवटी लावावा. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरांत जवळपास सारखे, टॅपेट मापात, पॉइंटची फट आणि इग्निशन टायमिंग बरोबर, प्लग स्वच्छ, हे आधी. यातले एक जरी चुकले असेल तर कार्बोरेटरचे स्क्रू फिरवून ते झाकले जाते, सुधारत नाही. पेट्रोलचा दाबही पाहावा. एसयू आणि वेबर दोघांनाही ३ पौंडांच्या आसपासचा दाब पुरतो. बाहेरचा जोरदार इलेक्ट्रिक पंप बसवला असेल तर फ्लोटची सुई दाब सोसत नाही आणि पेट्रोल वाहते.

टेबलावरचे काम दोन्ही कार्बोरेटरांवर एकसारखे करावे. फ्लोटची उंची पुस्तकातल्या मापाला आणावी. पिस्टन बोटाने उचलून सोडला की तो जेटच्या पुलावर टक आवाज करत पडला पाहिजे. आवाज आला नाही तर सुई जेटला घासते आहे, आणि जेट मध्यावर आणावा लागेल. मग जेट पुलाच्या पातळीला आणून तिथून दोन पूर्ण फेरे, म्हणजे नटाचे बारा पैलू, खाली घ्यावा. डॅम्परमध्ये २० नंबरचे साधे इंजिन तेल भरावे. डॅम्पर खाली ढकलताना टोपी बसायला साधारण ६ मिलिमीटर उरले असताना अडथळा जाणवला, तर तेल पुरेसे आहे. तेल कमी असले की पिकअप घेताना गाडी अडखळते, आणि पुष्कळदा याच कारणासाठी लोक जेट बदलत बसतात.

गाडी चांगली तापेपर्यंत चालवून आणावी. नंतर एअर फिल्टर काढून दोन्ही बटरफ्लाय जोडणाऱ्या दांड्याचे क्लॅम्प सैल करावेत. हे न करता केलेली जुळणी व्यर्थ आहे, कारण एकाचा स्क्रू फिरवला की दुसराही हलतो. आता स्पिंडलच्या टोकांशी थोडे कार्बोरेटर क्लीनर मारून पाहावे. इंजिनाचा आवाज बदलला तर हवा तिथून ओढली जाते आहे, आणि पुढे जाण्यात अर्थ नाही.

हवा सारखी करण्यासाठी फ्लो मीटर मिळाल्यास उत्तम. नाही तर बोटाएवढ्या जाडीच्या रबरी नळीचे एक टोक कानाशी आणि दुसरे कार्बोरेटरच्या तोंडात नेहमी त्याच जागी धरून ‘स्स’ असा आवाज ऐकावा. ज्याचा आवाज मोठा, त्याचा स्लो स्पीडचा स्क्रू थोडा सोडावा. दुसऱ्याचा थोडा आवळावा. दोन्ही आवाज एका पट्टीत येईपर्यंत आणि इंजिन ८०० ते १००० फेऱ्यांवर राहीपर्यंत हे करावे. घाई केली तर या टप्प्याचे दोष पुढे मिश्रणात दिसतात.

मग मिश्रण. पिस्टनखालची पिन एक मिलिमीटरहूनही कमी उचलावी. इंजिन क्षणभर किंचित चढून पुन्हा पूर्ववत झाले, तर मिश्रण योग्य. चढून तसेच राहिले तर पेट्रोल जास्त, म्हणून जेट वर न्यावा. पडले किंवा बंद झाले तर पेट्रोल कमी, जेट खाली घ्यावा. एका वेळी एकच पैलू फिरवावा. एका कार्बोरेटरचा बदल दुसऱ्यावर परिणाम करतो, कारण मॅनिफोल्डमधली जोडनळी दोघांना जोडते. म्हणून पहिल्याकडून दुसऱ्याकडे, पुन्हा पहिल्याकडे, असे दोन-तीन फेरे लागतात. हवा पुन्हा तपासावी. शेवटी क्लॅम्प आवळताना दोन्ही बटरफ्लाय पूर्ण बंद असाव्यात, आणि पेडल दाबल्यावर दोन्ही एकाच क्षणी उघडाव्यात. १५०० फेऱ्यांवर पुन्हा नळी लावून पाहावी. इथे फरक दिसला तर दोष क्लॅम्पमध्ये आहे, स्क्रूमध्ये नाही.

तीन एसयूंना हीच रीत लागू पडते. वेबरमध्ये मात्र प्रत्येक नळीला मिश्रणाचा वेगळा स्क्रू असल्याने चार वेळा जुळवावे लागते, आणि मोठ्या वेगाचे मिश्रण फक्त जेट बदलूनच बदलते. सुरुवातीचा अंदाज असा धरतात: चोकचा मिलिमीटरमधला आकडा गुणिले चार म्हणजे मेन जेट, आणि त्यात ५० मिळवले की एअर करेक्टर. ३० मिलिमीटरच्या चोकला १२०चा मेन आणि १७०चा करेक्टर. तिथून पुढचा निर्णय प्लगच्या रंगावरून आणि रस्त्यावर घ्यावा.

इथली हवा, इथले पेट्रोल

जुन्या पुस्तकांतले आकडे इंग्लंडच्या थंड हवेचे आणि शुद्ध पेट्रोलचे आहेत. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते, आणि त्यातले पुष्कळसे ऊस व धान्यापासून येते. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळायला १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९. मिश्रणाचे प्रमाण साडेतेराच्या आसपास येते. म्हणजे जुन्या जेटवर इंजिनाला गरजेपेक्षा सुमारे ८ टक्के कमी इंधन मिळते. उलट उंचीवर हवा विरळ होते तसे कार्बोरेटरचे मिश्रण दाट होते. ६०० मीटरवर घनता साधारण साडेपाच टक्के घटते आणि मिश्रण ३ टक्के दाट होते. पसरणी घाट चढून सुमारे १३५० मीटरवरच्या महाबळेश्वरला पोहोचेपर्यंत घनतेची घट १२ टक्के आणि मिश्रणाचा दाटपणा साडेसहा टक्के होतो. दोन परिणाम एकमेकांना बरेचसे खाऊन टाकतात. म्हणून महाबळेश्वरला सुरळीत चालणारी जोडी मुंबईला उतरल्यावर ठोकायला लागली, तर कारण बहुधा पातळ मिश्रण असते.

इथेनॉलची भर काढण्यासाठी एसयूचा जेट नुसता खाली केला तर स्लो स्पीड दाट होते, पण जोरात चालताना मिश्रण पातळच राहते. जेट आणि सुई यांमधली फट मंद गतीला फार बारीक असल्याने तिथे बदल जास्त जाणवतो. योग्य उपाय म्हणजे दोन्हीकडे एकसारखी, थोडी दाट सुई. वेबरमध्ये मेन जेट १२० ऐवजी १२५ केला की भोकाचे क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी वाढते, आणि हिशेब जवळपास बरोबर बसतो. जुन्या रबरी नळ्या, फ्लोटच्या सुईचे रबरी टोक आणि कॉर्कचे पॅकिंग इथेनॉलला टिकत नाहीत. संच घेताना किटमध्ये हे भाग नव्या प्रकारचे आहेत का ते विचारावे.

पीयूसी केंद्रातला गॅस ॲनालायझर हे ट्यूनिंगचे स्वस्त आणि भरवशाचे साधन आहे, त्याचा उपयोग करावा. भारत स्टेज २ पूर्वीच्या पेट्रोल चारचाकीला स्लो स्पीडला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आणि हायड्रोकार्बनची १५०० पीपीएम आहे. कानाने जुळवलेले मिश्रण पुष्कळदा ४ टक्क्यांच्या वर जाते. मग दोन्ही जेट एकेक पैलू वर घेऊन पुन्हा पिनची परीक्षा करावी. एकाच कार्बोरेटरला पातळ करून आकडा खाली आणण्याची युक्ती करू नये. कागदावर गाडी पास होते, पण दोन सिलिंडर उपाशी राहतात.

रस्त्यावरची परीक्षा चढावर घ्यावी. लोणंदहून साताऱ्याच्या रस्त्यावरचा सालपे घाट त्यासाठी सोयीचा आहे. तिसऱ्या गिअरमध्ये जोर देत चढावे, माथ्यावर पेडल दाबलेले असतानाच इग्निशन बंद करून गाडी न्यूट्रलवर सुरक्षित जागी थांबवावी, आणि प्लग काढून पाहावेत. फिकट तपकिरी रंग चारहींवर सारखा हवा. पहिले दोन पांढरट आणि शेवटचे दोन काळे असतील, तर पुढचा कार्बोरेटर पातळ आणि मागचा दाट आहे. दोघांची सरासरी बरोबर आली म्हणून जुळणी झाली असे समजू नये.

गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर पेट्रोलचा नळ बंद करून फ्लोट चेंबर रिकामे होईपर्यंत इंजिन चालवावे, कारण इथेनॉल हवेतला ओलावा ओढते आणि चेंबरच्या तळाशी पांढरा थर धरतो. या दुष्काळी पट्ट्यात धूळ भरपूर आहे. उघड्या तोंडाच्या नळ्या शर्यतीच्या गाडीसाठी ठीक, रस्त्यावरच्या गाडीला दोन्ही कार्बोरेटरांवर एकाच मापाचे फिल्टर असावेत आणि ते एकाच दिवशी साफ करावेत, कारण एक फिल्टर तुंबला तरी हवेची जुळणी बिघडते.